गॅस तोच

पत्र सकाळच्या टपालानं आलं. लक्ष्मण तासगावकरनं ते कारखान्याच्या दारात उभ्यानंच वाचलं, घडी करून खिशात घातलं, आणि कोपऱ्यात चार महिने पोत्याखाली झाकून ठेवलेली सोड्याची पेटी उचलून भिंतीवर हाणली.

गोळीसोड्याची भरली बाटली नुसती फुटत नाही, उडते. चोवीसातल्या अठरा गेल्या. एक तुकडा लक्ष्मणच्या भुवईत घुसला. दुसरा हिराबाईच्या पदराला भोक पाडून दाराच्या फळीत रुतला.

“अण्णा, डोळा घालवायचाय काय?” हिराबाई बाटल्या धुण्याच्या हौदामागं दबून ओरडली. “तुमच्या अप्पांनी एक घालवला तेवढा पुरे नाही का एका घराला?”

लक्ष्मणनं भुवईतली काच चिमटीत धरून उपसली. शाबूत राहिलेल्या सहा बाटल्या जाड पिशवीत घातल्या आणि पिशवी स्कूटरला अडकवली.

“कुठं निघालात?”

“धारवाडला. वादिराज मास्तरकडं.”

“रक्त पुसून तरी जावा.”

“येताना पुसतो. अजून सांडायचंय.”

हिराबाई मूळची अळणावरकडची. वीस वर्षं या कारखान्यात बाटल्या धूत होती. ती पेटी कुठली ते तिला माहीत होतं. ऑगस्टात ज्या दिवशी ती भरली, त्याच दिवशी लक्ष्मणची बायको मथुरा कारवारच्या रस्त्यावर घाटात ट्रक उलटून मेली होती. कारखाना तेरा दिवस बंद राहिला. मग उघडला, नवे सिलिंडर आले, नवा माल बाजारात गेला. ती पेटी मात्र लक्ष्मणनं कुणाला हलवू दिली नाही.

तासगावकरांचा सोडा हुबळीत तीन पिढ्यांचा. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत कारखाना, म्हणजे दोन खोल्या, एक यंत्र आणि गॅसचे सिलिंडर. लक्ष्मणच्या वडिलांचा डोळा बाटलीनं नेला, पण जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. त्यांनी मुलाला एकच गोष्ट पक्की शिकवली. “गिऱ्हाईक विचारतं, माल तोच ना? तू म्हणायचं, तोच. साखर बदलली, पाणी बदललं, तरी तोच. गिऱ्हाईकाला शंका पाजायची नाही, सोडा पाजायचा.” लक्ष्मण दहावीला दोनदा नापास झाला, पण हा धडा चुकला नाही.

मथुरा लग्नात बी.एस्सी. झालेली होती. देशपांडे नगरातली सोयरी मंडळी या जोडीला हसली. तिला शिकायचं होतं, लक्ष्मणनं शिकू दिलं. ती एम.एस्सी. झाली, धारवाडच्या एका कॉलेजात शिकवू लागली, आणि तिथंच वादिराज सरांच्या हाताखाली तिनं पीएच.डी.चं काम धरलं. मूल झालं नाही. ती कारवारहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणायची आणि काचेच्या चंबूंत शेवाळ वाढवायची. डोळ्याला एकेकटं दिसत नाही असलं शेवाळ. लाखांनी झालं की पाणी पिवळट दिसायचं. त्या पाण्यात हवेबरोबर गॅस सोडावा लागे. लक्ष्मण सोड्यात भरायचा तोच. दर महिन्याला एक लहान सिलिंडर स्कूटरच्या पायाशी ठेवून तो धारवाडला पोचवायचा. नवराबायकोच्या दोन कामांत सामाईक अशी ही एकच वस्तू होती.

एकदा जेवताना त्यानं विचारलं होतं, “तुझं शेवाळ गॅस खाऊन करतं काय?”

“त्यातला कार्बन घेतं. कार्बन दोन तऱ्हेचा असतो. हलका आणि जड. जड फार थोडा, शंभरात एक. शेवाळ हलका जास्त उचलतं.”

“त्याला कळतं कसं?”

“कळत नाही हो. हलका त्याच्या अंगी लवकर लागतो. हिराबाई मंडईत जाते तसं. टोपली भरलेली असली की एकेक वांगं निवडून घेते. शेवटची चार राहिली की किडकंसुद्धा पिशवीत टाकते. गॅस भरपूर असला की शेवाळ निवडतं. कमी पडला की तुमच्यासारखा पंप लावतं आणि मिळेल ते आत ओढतं.”

“आणि ते कळून कुणाचं काय भलं होणार?”

“समुद्राच्या तळाला लाखो वर्षांचा गाळ आहे. त्यात मेलेलं शेवाळ आहे. त्यानं किती निवडून खाल्लं ते समजलं की त्या काळात हवेत गॅस किती होता ते समजतं.”

“म्हणजे मेल्यावर जेवण तपासायचं.”

“मेल्यावरच खरं कळतं,” मथुरा म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

तीन वर्षं तिचं काम सरळ चाललं. वाळवलेलं शेवाळ बाहेरगावच्या यंत्राकडे जायचं, तिथून आकडे यायचे. मग या जूनमध्ये आलेले आकडे भलतेच निघाले. जुलैत वादिराज सरांनी सगळ्या विभागासमोर तिची वही टेबलावर आपटली आणि म्हणाले, “हे शेवाळाचे आकडे नाहीत. हे घरी बसून लिहिलेले आकडे आहेत.” मथुरा घरी आली ती जेवली नाही. सगळं पहिल्यापासून पुन्हा करीन म्हणाली. त्यासाठी एकदम आठ कॅन पाणी पाहिजे होतं. बसवाला एवढे कॅन घेईना, म्हणून ती ओळखीच्या ट्रकमधून कारवारला गेली. परतताना घाटात ट्रक उलटला. तिला खालून काढलं तेव्हा छाती चेपलेली होती, केस खाऱ्या पाण्यानं निथळत होते. समुद्र कितीतरी मागं राहिला होता.

आणि आज पत्र. कै. मथुरा तासगावकर यांच्या प्रयोगातील आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष निघाल्यामुळे त्यांचे संशोधन रद्द करण्यात येत आहे. खाली सही, वादिराज.

धारवाडात मळमड्डीतल्या घरी सर त्या दिवशी एकटेच होते. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे खात होते.

“या तासगावकर. कूड्री, कूड्री,” म्हणत त्यांनी दुसरा पाट पुढं सरकवला.

लक्ष्मणनं उभ्यानंच त्यांच्या नाकावर गुद्दा दिला.

हाड मोडल्याचा आवाज त्याला हातात जाणवला. सर मागच्या डब्यांवर कोसळले. ताटली फरशीवर गरगर फिरत राहिली. पोह्यांवर रक्ताची धार पडली. लक्ष्मणनं बनियन धरून त्यांना उठवलं, पुन्हा हाणलं. सर साठीला टेकलेले, अंगानं काटकी. पण त्यांनीही हाताला लागला तो पितळी तांब्या लक्ष्मणच्या कानशिलावर घातला. लक्ष्मणच्या कानात शिट्टी वाजायला लागली ती पुढं आठ दिवस थांबली नाही.

सर मागच्या दाराकडं धावले. लक्ष्मणनं पिशवीतली बाटली काढून फेकली. ती चौकटीवर उडाली. दुसरी त्यांच्या पायाशी फुटली आणि पोटरी चिरली गेली. सर भिंतीला पाठ लावून खाली घसरले.

“लिहा,” लक्ष्मण म्हणाला.

“काय लिहू?”

“माझी बायको खोटारडी नव्हती, असं लिहा. सही करा.”

“नाही लिहिणार.”

तिसरी बाटली त्यांच्या डोक्याच्या वीतभर बाजूला फुटली. गालात काचा घुसल्या.

“लिहा!”

“नाही री!” सर रक्त थुंकून ओरडले. “चौथी मारा. पाचवी मारा. मी मेलो म्हणून आकडा सुधारतो काय?”

चौथी त्यानं खिडकीवर घातली. पाचवीचा गळा कट्ट्यावर फोडला, आणि धारेकडची बाजू सरांच्या गळ्याला लावली. काच कातडीत शिरली. सरांनी त्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरलं.

“बिड्रि... सोडा... ऐका तरी एकदा!”

“बोल. शेवटचं बोल.”

“ती माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती,” सर म्हणाले. “म्हणून तर मला जास्त लागलं. तीन वर्षं तिचा आकडा उणे तेहेतीस. उणे म्हणजे तेवढं हलकं. तुमचा गॅस उणे बारा, तो पहिल्याच वर्षी तपासला होता. म्हणजे शेवाळानं निवड केली एकवीसची. बरोबर आहे. गॅस भरपूर असला की वीस, पंचवीसपर्यंत जातं. आणि यंदा एकदम उणे बावन्न! निवड चाळीसची! एवढं निवडखोर शेवाळ देवानं केलेलं नाही, तासगावकर. पाणी तेच. शेवाळ तेच. गॅस तोच. मग आकडा बदलला कसा? कुणीतरी लिहिला म्हणूनच ना?”

लक्ष्मणचा हात थांबला.

“गॅस तोच?” त्यानं विचारलं.

“मी तिला विचारलं होतं. दोनदा विचारलं. गॅस पुन्हा तपासायला पाठवू का म्हणालो. ती म्हणाली, सर, गॅस आमच्या घरचा. मी ह्यांना विचारलंय, तोच आहे. घरच्या माणसाला काय तपासायचं?”

लक्ष्मणला ती संध्याकाळ आठवली. जुलैतली, तो यंत्रावर होता. ती चपला न काढता आत आली होती. “अहो, गॅस तोच ना तुमचा?” तिनं विचारलं होतं. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. “तोच की,” तो म्हणाला होता. “गॅस म्हणजे गॅस.”

गॅस तोच नव्हता. मळीपासून दारू करणारा कारखाना संपामुळं होळीपासून बंद होता. तिथून नेहमी येणारा गॅस येईना. समोर लग्नसराई, म्हणून लक्ष्मणनं दुसरीकडून सिलिंडर आणले. बुडबुडे तसेच, झणका तसाच. कुणा गिऱ्हाईकाला कळलं नाही. त्यात खोटं बोलण्यासारखं काही आहे हे त्याच्या मनातही आलं नाही. जिभेची सवय होती. गिऱ्हाईकाला दिलं तेच उत्तर त्यानं बायकोला दिलं होतं.

“समजा गॅस बदलला,” तो म्हणाला. “तर?”

सरांनी त्याच्याकडं बघितलं. गळ्याला काच तशीच होती.

“कुठला आणला होता?”

“खताच्या कारखान्यातला. होळीपासून ऑगस्टपर्यंत.”

“खताचा? म्हणजे खनिज तेलापासून निघालेला?”

“मला काय माहीत? तेलाचंच काहीतरी जाळतात म्हणाले.”

वादिराज सर मास्तर वर्गात बोलतो तसं बोलायला लागले. नाकातून रक्त गळत होतं ते पुसायचंही सुचलं नाही. “ऊस फारसा निवडत नाही. म्हणून मळीचा गॅस जड. उणे बारा. पण तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं शेवाळच की हो. समुद्रातलंच. त्यानं एकदा निवडून खाल्लेला कार्बन. तो गॅस उणे तीस, एकतीस असणार. चाळलेलं पीठ. ते तिच्या शेवाळानं पुन्हा चाळलं. एकतीस आणि एकवीस...”

त्यांचे ओठ हलत राहिले.

“बावन्न,” ते म्हणाले. “अय्यो. बावन्नच येणार. तिचे आकडे बरोबर होते. एकेक आकडा बरोबर होता.”

लक्ष्मणच्या हातातला बाटलीचा गळा खाली पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला. एका हातानं, मग दुसऱ्या. पाव तासापूर्वी ज्या जोरानं सरांना मारलं त्याच जोरानं. सरांनी त्याचे हात धरले नाहीत.

“रडायचं मग,” ते म्हणाले. “हे मी बोलून भागत नाही. लोक म्हणतील मास्तरला बडवून वदवून घेतलं, आणि म्हणणार ते खोटं नाही. पुरावा पाहिजे. त्या वेळचा गॅस शिल्लक आहे काय कुठं?”

“सिलिंडर परत गेले. तेराव्यानंतर कारखाना उघडला तो मळीच्या गॅसवरच.”

“थेंबभरसुद्धा नाही?”

लक्ष्मणनं मान हलवली. फरशीवर सांडलेला सोडा काचांमधून अजून फसफसत होता. तो त्या बुडबुड्यांकडं बघत राहिला. मग त्याला समजलं. ती गेली त्या दिवशी भरलेली पेटी. तोच गॅस. अठरा त्यानं सकाळी भिंतीवर फोडल्या, पाच इथं.

त्यानं पिशवी ओढली. आत एक होती. गोळी गळ्याशी घट्ट बसलेली, गॅसच्या जोरानं. सरांनीही पाहिलं. दोघं त्या एका बाटलीकडं असे बघत राहिले, जणू ती हलली तर उडून जाईल.

तेवढ्यात दार मोडलं.

काचांचे आवाज गल्लीभर गेले होते. शेजारचा प्रभंजन पुढं, मागं तिघं. प्रभंजन बँकेत होता, पण रोज सकाळी दोनशे जोर मारायचा. हातात मुलाची क्रिकेटची बॅट. त्यानं सरांचं तोंड पाहिलं, काचा पाहिल्या, आणि बाटली हातात धरून बसलेला लक्ष्मण पाहिला.

“बाटली टाक, हलकट!”

लक्ष्मणनं बाटली टाकली नाही. पोटाशी धरली, तिच्यावर अंग मुडपलं आणि फरशीवर आडवा झाला. पहिली बॅट खांद्यावर बसली. दुसरी बरगड्यांवर. मग लाथा. काचांवर तो घासला जात होता. पाठ फाटली. एकानं केस धरून डोकं वर ओढलं, दुसऱ्यानं तोंडावर बूट घातला. समोरचा दात घशात गेला. चौघांतल्या कुणालाही त्यानं लोळवलं असतं. उभी हुबळी त्याचे हात ओळखत होती. त्यानं हात वर केला नाही.

“बाटली! बाटली सांभाळा!” सर भिंतीशी रांगत ओरडत होते. नाकातोंडात रक्त, त्यामुळं शब्द नीट निघेनात. मारणाऱ्यांना वाटलं, सर सांगताहेत याच्या हातातली बाटली काढा. प्रभंजननं बॅट त्याच्या उजव्या हातावर हाणली. एकदा, दोनदा. दोन बोटं काडीसारखी मोडली. लक्ष्मण ओरडला, पण उरलेल्या तीन बोटांनी बाटली तशीच धरून राहिला.

शेवटी सर त्याच्या अंगावर जाऊन पडले. एक तडाखा त्यांनाच बसला, तेव्हा कुठं बॅट थांबली.

“माझ्या घरात,” सर धापा टाकत म्हणाले, “माझ्या घरात मी सांगतो. मारू नका. ती बाटली फुटली तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही.”

प्रभंजन बावळटासारखा बघत राहिला. “सोड्याची बाटली, सर?”

“होय री. सोड्याची.”

पोलीस आले. सरांनी तक्रार दिली नाही. लक्ष्मणनं त्याबद्दल आभार मानले नाहीत, सरांनाही ते नको होते. दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारीशेजारी लागल्या. तिथंच सरांनी कॉलेजातली दोन माणसं बोलावून त्यांच्यासमोर बाटली लाखेनं बंद केली, वर तिघांच्या सह्या घेतल्या, आणि ती हातोहात यंत्राकडं पाठवली.

उत्तर यायला सात आठवडे लागले. फेब्रुवारीत एका दुपारी वादिराज सर कारखान्याच्या दारात उभे राहिले. नाक डावीकडं वळलेलं, ते तसंच राहणार होतं.

“उणे एकतीस,” ते म्हणाले.

लक्ष्मणनं यंत्र बंद केलं. हिराबाईनं दोघांकडं पाहिलं.

“म्हणजे काय, अण्णा? अक्का खरी निघाली?”

“खरी निघाली.”

“मग खोटं कोण होतं?”

“मी,” लक्ष्मण म्हणाला.

सरांनी पिशवीतून कागद काढला. कॉलेजनं जुनं पत्र मागं घेतलं होतं. मथुराचं संशोधन तिच्या नावानं छापायला जाणार होतं. गॅसबद्दल त्यात एक वाक्य घालावं लागलं, म्हणून दाखवायला आणलं होतं. प्रयोगाच्या काळात गॅसचा पुरवठा बदलला होता व त्याची माहिती संशोधिकेला मिळाली नव्हती.

लक्ष्मणनं ते दोनदा वाचलं.

“मिळाली नव्हती, असं नाही. तिनं विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. तसं घाला. माझं नाव घाला.”

“शास्त्राच्या कागदात असं लिहीत नाहीत, तासगावकर.”

“मग खाली घाला. बारीक अक्षरात घाला. पण घाला.”

सर बाकड्यावर बसले, पेन काढलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर आणखी एक वाक्य लिहिलं आणि कागद लक्ष्मणपुढं धरला. गॅसची फेरतपासणी न करता आकडे खोटे ठरवण्याची चूक मार्गदर्शक वादिराज यांची आहे. लक्ष्मणनं वाचलं आणि मान डोलावली. चहा विचारला. सर नको म्हणाले.

ते गेल्यावर कोप्पीकर रोडवरच्या कापडदुकानातला माणूस लग्नासाठी सोडा सांगायला आला. दहा पेट्या. एक बाटली चाखायला मागितली.

“माल तोच ना, लक्ष्मणअण्णा?”

“नाही,” लक्ष्मण म्हणाला. “सोमवारपासून गॅस दुसरीकडचा आहे.”

“चवीत फरक पडतो?”

“काही नाही.”

“मग सांगता कशाला?”

उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नव्हती, म्हणून लक्ष्मणनं बाटली डाव्या हातात धरली, अंगठा गोळीवर ठेवला आणि सगळ्या जोरानं दाबला.